न उतरलेल्या सोळा पायऱ्या

आदरणीय नाना,

(‘आदरणीय’ हे विशेषण लेखणीने सवयीने उमटवले. ठेवावे की खोडावे, यावरचा निर्णय तूर्त राखून ठेवतो.)

आपल्या शोकसभेत मी जे भाषण केले, ते मागे घेण्यासाठी हे पत्र आहे. सभेस तीन महिने लोटले. विलंब झाला हे मान्य. परंतु विलंबमाफीसाठी माझ्याकडे सबळ कारण आहे. सभेच्या दिवशी माझ्यापाशी कागद नव्हता. आता आहे.

काय काय बोललो होतो मी! ‘ऋषितुल्य’ म्हणालो. ‘शिष्यवत्सल’ म्हणालो. ‘ज्यांनी एका कनिष्ठाच्या रक्षणार्थ आपली सनद अर्पण केली’ हे वाक्य उच्चारले आणि पहिल्या रांगेत दोन रुमाल निघाले. त्यांतला एक सरकारी वकिलांचा होता! सरकारी वकिलास अश्रू आणणारी श्रद्धांजली उभ्या कल्याणात आणखी कोणास लाभली असेल, सांगा बरे?

येत्या सोमवारी मला साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहायचे आहे. आजवर कोणत्याही महत्त्वाच्या कामाआधी मी तुमच्याशी बोललो नाही, असे झाले नाही. तेव्हा याही वेळी बोलतो. फरक एवढाच की या वेळी तुम्हाला मधे थांबवता येणार नाही.

ऐंशीचे दशक नुकते लागले होते तेव्हा मी तुमच्या कचेरीत आलो. कल्याणात स्टेशनाजवळ, जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, दाराशी तुमच्या नावाची पितळी पाटी, आणि रस्त्यापासून वर येणारा लाकडी जिना. माझी परीक्षा तुम्ही दारातच घेतलीत.

“संस्कृत येतं?”

“येतं.”

“टायपिंग?”

“नाही.”

“म्हणजे जे हवं ते येत नाही आणि येतं ते नको आहे. उद्या दहाला ये.”

त्या क्षणी अस्मादिक तुमच्या चरणी विलीन झाले. मला वडील होते, पण ते मितभाषी. त्यांच्या तोंडून वर्षात निघत तेवढी वाक्ये तुम्ही एका चहात बोलत असा. पक्षकार जिना चढून येईपर्यंत पावलांच्या आवाजावरून तुम्ही सांगायचात, “हा वादी. प्रतिवादी इतका हळू चढत नाही.” आणि तो वादीच निघे!

पहिला धडा तुम्ही दिलात तो हा: “अशील देवमाणूस असला तरी त्याचा कागद वाचायचा. आपल्याविरुद्ध काय लिहिलंय ते आधी, आपल्या बाजूनं काय ते नंतर.” हा धडा मी अवघ्या जगाच्या बाबतीत पाळला. एक अपवाद केला. तो कोणाचा, ते तुम्हास ठाऊक आहे.

दुसरा धडा शब्दांत नव्हता. तो रिवाज होता. प्रतिज्ञापत्रावर सही करणारा मनुष्य खरोखर तोच आहे, याची खात्री वकिलाने द्यायची असते. कागदाच्या तळाशी ओळ असते: ‘वरील इसमास मी व्यक्तिशः ओळखतो.’ तिच्याखाली वकिलाची सही. आणि आपल्या कचेरीत त्या ओळीखाली सही करण्याचे पवित्र कार्य कनिष्ठाकडे होते. दुपारी चारच्या सुमारास तुम्ही कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवायचात आणि पेन्सिलीने त्यावर दोनदा टकटक करायचात. ती टकटक म्हणजे आज्ञा.

त्या काळात माझा परिचय किती विस्तीर्ण होता म्हणून सांगू! कसाऱ्याचे दूधवाले, वागळे इस्टेटीतले कामगार, उल्हासनगरचे व्यापारी, शहापूरच्या विधवा, सर्वांस मी व्यक्तिशः ओळखत होतो. एवढ्या लोकांस तर निवडणुकीतला उमेदवारही ओळखत नाही. त्यांच्यापैकी किती जणांचे मुखदर्शन घडले, हे मात्र कोणी विचारले नाही. कारण इतर कचेऱ्यांतही मी मी म्हणणारे असेच करत होते, अशी आमची समजूत होती. समजूत ही किती सोयीची वस्तू आहे!

मग ते प्रतिज्ञापत्र आले.

डोंबिवलीलगतच्या गावातली आगरी कुटुंबाची जमीन. वडील वारलेले, मागे एक मुलगा आणि एक मुलगी. मुलगी हिराबाई, खडवलीस दिलेली. बहिणीने भावासाठी बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडावा आणि भावाने तिला दिवाळीस साडी नेसवावी, अशी आपल्याकडची थोर परंपरा. भाऊ तुमचा पक्षकार. बहिणीने राजीखुशीने हक्क सोडल्याचे प्रतिज्ञापत्र तयार होते. खाली जांभळ्या शाईतला अंगठा. तुम्ही टकटक केलीत.

मी विचारले होते, नाना. हे तुम्ही विसरला असाल, मी विसरलेलो नाही. मी विचारले, “बाई कुठं आहेत?”

“खाली रिक्षात बसली आहे. गुडघे धरलेत तिचे. जिना चढवणार आहेस तिला?”

“मी खाली जाऊन बघून येऊ?”

“जा की. येताना तिच्या नातवंडांची नावंही विचारून ये.”

तिथे बसलेला भाऊ हसला. मीही हसलो. आणि सही केली.

रिक्षा नव्हती. बाई नव्हती. तो अंगठा भावाचाच होता, हे पुढे हिराबाईंनी तक्रार केल्यावर तपासात निघाले. अर्थात मी एका मिशाळ पुरुषाच्या अंगठ्यास विवाहित स्त्री म्हणून व्यक्तिशः ओळखले होते! कचेरीत यावर पुष्कळ विनोद झाले. बहुतेक मीच केले. भय वाटले की मला विनोद सुचतात, हे तुम्हास ठाऊक होतेच.

खटला उभा राहिला. आरोपी दोन, भाऊ आणि तुम्ही. मी साक्षीदार. पोलिसांपुढे काय सांगावे हे तुम्हीच सांगितलेत: “नेहमीप्रमाणे सही केली, अधिक आठवत नाही, एवढंच म्हण.” तेवढेच म्हणालो. दोन वर्षे तुमच्या बचावासाठी निवाडे शोधत हिंडलो. आणि ज्या सकाळी माझी साक्ष व्हायची, त्या सकाळी तुम्ही उठून उभे राहिलात, हात जोडलेत आणि गुन्हा कबूल केलात; पाठोपाठ भावानेही केला.

न्यायालय उठेपर्यंत कैद आणि दंड. संध्याकाळपर्यंत तुम्ही मागच्या बाकावर बसून होता आणि मी बाजूला. न्यायाधीश उठले, आपण बाहेर आलो, आणि तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात.

“श्रीधर, तुला पिंजऱ्यात घालून सोलून काढलं असतं त्यांनी. न बघता सही केलीस, हे निघालं असतं. दोन सनदा जाण्यापेक्षा एक जाऊ दे. माझं वय झालं.”

मी त्या आवारात, चहाच्या टपरीसमोर, सर्वांदेखत रडलो. टपरीवाल्याने न मागता पाणी दिले. नाना, त्या एका वाक्यावर मी माझी पुढची सगळी वर्षे उभी केली!

दोषसिद्धी झालेल्या वकिलाची सनद आपोआप गळून पडत नाही. त्यासाठी वकील परिषदेची शिस्तपालन समिती बसते. हिराबाईंनी तिथेही अर्ज केला होता. तुमच्या चारित्र्याचा साक्षीदार म्हणून मी मुंबईस गेलो. नवा कोट, गळ्याला नवे बँड, आणि मुखोद्गत अशी तीन संस्कृत सुभाषिते. समितीत तिघे होते. मधले अध्यक्ष वयोवृद्ध. आवाज इतका मृदू की पुढे वाकावे लागे.

मी तुमचे गुणवर्णन आरंभले. पहिले सुभाषित झाले, दुसरे झाले. तिसऱ्याच्या आधी अध्यक्षांनी हात वर केला.

“वकीलसाहेब, तुमच्या गुरूंनी गुन्हा कबूल केलाय. तो केला की नाही, हे आम्ही पुन्हा तपासत नाही. आमच्यापुढं प्रश्न एवढाच आहे, की असा माणूस उद्या कुणाच्या वतीनं उभा राहावा का?”

“महोदय, यांनी ती कबुली दुसऱ्यासाठी दिली आहे.”

“असं?” त्यांनी पुढ्यातला कागद उचलला. “यांनी आम्हाला दिलेलं लेखी उत्तर तुम्ही वाचलंत?”

“गुरूंचे उत्तर शिष्याने तपासायचे नसते, महोदय.”

काय बाणेदार वाटले होते ते वाक्य मला! अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग लघुलेखकास म्हणाले, “लिहा. साक्षीदारानं उत्तर वाचलेलं नाही.”

मला वाटले, माझ्या निष्ठेने ते भारावले. नाना, तुम्ही शेजारीच बसला होता. तुम्ही खिडकीबाहेर पाहत होता. तेव्हा तुम्हाला काय वाटले असेल हो? हे मला खरेच जाणून घ्यायचे आहे.

तुमचे नाव नामावलीतून कमी झाले. पितळी पाटी मी स्वतःच्या हाताने उतरवली, चिंचेने घासली आणि कपाटात जपून ठेवली. तुमच्या खुर्चीत मी कधी बसलो नाही. पक्षकार ‘साहेब कुठं?’ म्हणून विचारत तेव्हा ‘तीर्थयात्रेस’ असे सांगे. दर रविवारी डोंबिवलीस तुमच्या घरी येत असे. ‘गुरुकृपा’ इमारत, दुसरा मजला, गच्चीएवढी गॅलरी. माई आल्याचा चहा देत, तुम्ही माझे मसुदे तपासत आणि तांबड्या पेन्सिलीने माझी विशेषणे छाटत. ठाण्याच्या एका मोठ्या कचेरीने मला बोलावले तेव्हा मी गेलो नाही. ज्याने माझ्यासाठी सनद दिली, त्याला एकटे टाकून ठाण्यास कसा जाणार?

तुम्ही गेलात. खांदा दिला. भाषण दिले.

आणि भाषणानंतर पंधरवड्याने एक बाई जिना चढून वर आल्या. पावले हळू होती. तुमच्या शास्त्रानुसार वादी. नऊवारी, हातात प्लास्टिकची पिशवी. समोर बसल्या, दम घेतला.

“वकीलसायेब, माज्याकडं नीट बगा. ओलखलाव काय माना?”

“नाही, बाई. क्षमा करा.”

“मंग तवा कशी ओलखलाव?”

नाना, इतक्या वर्षांत माझी उलटतपासणी अशी कोणी घेतली नाही. दोन प्रश्न! मला विनोदसुद्धा सुचला नाही.

हिराबाईंनी पिशवीतून एक नक्कल काढली. तक्रारदार म्हणून समितीने त्यांना दिलेली, तुमच्या लेखी उत्तराची. “यो कागद वाचा. माना वाचता येत नाय. पन माज्या पोरीनं दोनदा वाचून दावलाय.” मग थांबून म्हणाल्या, “तुमी वाचलाव नाय हा?”

“नाही.”

“वकील असून?”

त्यांच्या स्वरात उपहास नव्हता. कीव होती. मी वाचले. तुमचे अक्षर, तुमची भाषा, एकही अनावश्यक विशेषण नाही: ‘माझा कनिष्ठ श्रीधर हा प्रतिज्ञापत्र घेऊन खाली रिक्षापाशी गेला व सदर स्त्रीचा अंगठा घेऊन वर आला. त्याच्या सांगण्यावर मी विश्वास ठेवला. त्याच्या तरुण संसाराची दया येऊन मी फौजदारी न्यायालयात दोष स्वतःकडे घेतला.’ खाली प्रतिज्ञा. खाली सही.

मी खाली गेलो नव्हतो! तुम्ही मला जाऊ दिले नव्हते! ज्या पायऱ्या मी उतरलो नाही, त्या तुम्ही मला शपथेवर उतरवल्यात. हिराबाई गेल्यावर मी त्या पायऱ्या मोजल्या. सोळा आहेत. एवढी वर्षे चढलो-उतरलो, कधी मोजल्या नव्हत्या.

म्हणजे मला सांगितलेत की तुला वाचवण्यासाठी मी जातो. आणि त्यांना सांगितलेत की श्रीधरला धरा, मला सोडा. माझी सनद राहिली ती तुमच्या त्यागामुळे नव्हे. तीन अनोळखी माणसांनी तुमच्यावर विश्वास ठेवला नाही म्हणून राहिली. मी तुमच्या स्तुतीची सुभाषिते म्हणत होतो तेव्हा त्या वृद्ध गृहस्थाने कळवळून मला एक संधी दिली होती. ‘वाचलंत का?’ म्हणून विचारले होते. मी त्यांनाच बाणेदारपणा दाखवला.

एवढ्यावर संपते तर बरे होते. हिराबाई उठता उठता म्हणाल्या, “तुमच्या सायबाचं घर आमच्याच जागंवर हाय. फाटकाच्या आत गेलाव की उजव्या हाताला माज्या बापाची विहीर हुती. आता वर लादी टाकलीय नि गाड्या लावतान.”

त्या लादीवर दर रविवारी माझी स्कूटर उभी असे, नाना.

तो फ्लॅट माईंच्या माहेरच्या दागिन्यांतून घेतला, असे तुम्ही मला सांगितले होते. मी जमिनीचा गट नंबर ताडून पाहिला नाही. उत्तर वाचले नाही. रिक्षा पाहिली नाही. माझ्या आंधळेपणाची ही शिस्तबद्ध मालिका पाहून एखाद्याला वाटेल की मीही कटात होतो. सोमवारी विरुद्ध पक्षाचे वकील हेच विचारणार आहेत.

मी माईंकडे गेलो. भांडायला नव्हे, भांडता येते तर मी फौजदारीत नाव काढले असते. नुसते विचारले, “माई, तुम्हाला ठाऊक होतं?”

त्या पोळ्या लाटत होत्या. लाटणे थांबले नाही. “अरे, मी म्हणायचे त्यांना, श्रीधरला एकदा सांगून टाका. तर म्हणायचे, काय गरज आहे? तो कागद कधी मागायचा नाही. पुढ्यात ठेवला तरी वाचायचा नाही.”

हे मात्र मला लागले, नाना. सनद वाचवण्याची धडपड समजू शकतो. बुडणारा मनुष्य हाताला लागेल ते धरतो, कधी शेजाऱ्याची मानही. पण माझी भक्ती तुम्ही पावलांच्या आवाजावरून ओळखलीत, आणि तिचा हिशेब बचावात धरलात! रविवारी विशेषणे छाटताना मनातून हसत होता का? की एखाद्या रविवारी सांगावेसे वाटले होते? एकदा तुम्ही पेन्सिल खाली ठेवून “श्रीधर…” म्हणाला होता आणि मग “चहा घे” म्हणालात. तो रविवार मी तुमच्या बाजूचा पुरावा म्हणून जपून ठेवला आहे. दुसरा सापडला नाही.

हिराबाईंचा जमिनीचा दावा अजून चालू आहे. भाऊ वारला, तुम्ही गेलात. त्या प्रतिज्ञापत्रावर सही झाली तेव्हा त्या खोलीत असलेला जिवंत मनुष्य आता मी एकटा. त्यांची मागणी अगदी लहान आहे: “कोर्टान येवा नि सांगा, हिराबाईला मी बगितलीच नव्हती. बास.”

लहान मागणी! ती पुरवली की माझी साक्ष परिषदेकडे जाईल. खोटी ओळख दिल्याची कबुली भर न्यायालयात देणारा वकील. अशा माणसाने उद्या कोणाच्या वतीने उभे राहावे का? तो मृदू आवाज अजून कानांत आहे. मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे आणि मला टायपिंग अजूनही येत नाही.

घरी सौ.ला सांगितले. ती म्हणाली, “मग सांगा की खरं. नाहीतरी घरात तुमचं कोण ऐकतं? तिथं निदान लिहून तरी घेतील.” रात्रभर विचार करून पाहिला, तिच्या युक्तिवादात मला वैगुण्य सापडले नाही.

तेव्हा नाना, माझा शब्द ऐका. सोमवारी मी सुभाषिते म्हणणार नाही. विनोद करणार नाही, हे सर्वांत कठीण. एवढेच सांगेन: बाईला मी पाहिले नव्हते, जिना उतरलो नव्हतो, सही माझीच आहे. तुमच्यावर ढकलणार नाही. जेवढे तुमचे तेवढेच तुमचे. परिषदेस पत्र मी स्वतः त्याच दिवशी पाठवीन. त्यांनी बोलावले तर जाईन आणि जाताना माझे लेखी उत्तर कोणा कनिष्ठाकडून वाचून घेईन.

माईंकडे रविवारी येत राहीन. त्यांना आता कोण आहे? स्कूटर मात्र रस्त्यावर लावीन.

आणि राखून ठेवलेला निर्णय: ‘आदरणीय’ खोडतो. ‘नाना’ खोडवत नाही. तो तसाच राहो.

आपला,
श्रीधर

ता. क. नियमाप्रमाणे तळाशी ओळ लिहिणे प्राप्त आहे. या वेळी कागद वाचून, जिना उतरून, पूर्ण शुद्धीवर लिहितो: ज्यांस हे पत्र लिहिले, त्या इसमास मी व्यक्तिशः ओळखत नव्हतो.